नऊ नंबरची जागा

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असं हरवलं. बावीस वर्षांनी पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या चहाच्या गाड्यावर पंचायत बसली आणि गेट उघडायच्या आत तिचा निकालही लागला: आपल्याकडे स्ट्रायकर, म्हणजे हमखास गोल करणारा, नाही, बाहेरून आणा. बांगलादेशाने इंग्लंडात वाढलेला हमझा चौधरी आणला. आपण ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सला भारतीय पासपोर्ट दिला खरा, पण कागद वेळेत पुरे झाले नाहीत आणि तिथेच घात झाला. मग दुसरा मुद्दा निघाला: आपला एखादा पोरगा बाहेर गेलाच, तर टिकतोय कुठे? ‘चाललं न्हाई म्हणूनच येतात की परत!’ आणि बेळगावात कुठलीही चर्चा शेवटी ज्या वळणावर जाते, तिथे हीदेखील गेली. आपण महाराष्ट्रात असतो तर आपल्या पोरांचं सोनं झालं असतं.

तिन्ही मुद्दे मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि, खरं सांगायचं तर, पूर्वी त्यातले दोन मीही हिरीरीने मांडायचो. आज मला ते तिन्ही चुकीच्या जागी खणलेल्या विहिरींसारखे वाटतात. स्ट्रायकर परदेशात घडत नाही आणि परदेशातून आणून पुरतही नाही. तो घरी घडतो, तेही एकाच अटीवर. आपल्या संघातली नऊ नंबरची जागा, म्हणजे मधल्या फॉरवर्डची जागा, आपण त्याला द्यायला हवी. नेमकी तीच जागा आपण वरपासून खालपर्यंत, इंडियन सुपर लीगपासून गावच्या मैदानातल्या बक्षिसाच्या स्पर्धेपर्यंत, बाहेरच्याला देऊन टाकली आहे. बाहेर गेलेला का परतला, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि तो कुठल्या राज्याचा, हा तर त्याच्याही नंतरचा.

ढाक्याच्या सामन्यापासूनच सुरुवात करू. हमझामुळे बांगलादेशाचा संघ बदलला, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रीमियर लीग खेळलेला माणूस मधल्या फळीत उभा राहिला की बाकीच्या दहा जणांची छाती फुगते. पण त्या दिवशीचा गोल कोणी केला? शेख मोरसालिनने. पास दिला राकिब हुसेनने. दोघेही तिथल्याच मातीतले, तिथल्याच लीगमध्ये वाढलेले. म्हणजे आणलेल्या माणसाने कणा ताठ केला, पण चेंडू जाळ्यात टाकला घरच्याने. आपण मात्र या सामन्यातून बरोबर उलटा धडा घेतला.

आता आपली लीग पाहा. २०१४ ला सुपर लीग सुरू झाली. २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचं बक्षीस एकदाही भारतीयाला मिळालेलं नाही. एलानो, मेंडोझा, कोरो, ओग्बेचे, अलीकडे अजराई. सगळी नावं बाहेरची. त्याआधीच्या आय-लीगमध्ये वेगळं काही नव्हतं. २००७-०८ पासूनच्या पहिल्या सहा हंगामांत तो मान चर्चिलचा ओडाफा आणि डेंपोचा, शेवटच्या हंगामात प्रयाग युनायटेडचा, रँटी या दोन नायजेरियनांनी आपसात वाटून घेतला. हे सगळे चांगले खेळाडू होते. रँटीचा खेळ पाहायला इथून चोर्ला घाट उतरून जाणारी माणसं मला माहीत आहेत, त्यातला एक मी. त्यामुळे परदेशी फॉरवर्डचा मला राग आहे असं कोणी समजू नये. मला फक्त एक साधा हिशेब मांडायचा आहे. लीगमधल्या बहुतेक प्रत्येक संघाने मधली जागा परदेशी खेळाडूला दिली असेल, तर त्या जागेवर खेळायला शिकलेला भारतीय कुठून उगवेल?

उगवतो तो कडेला ढकलला जातो. सुनील छेत्रीचंच घ्या. देशासाठी ९५ गोल केलेला माणूस. २०१७-१८ मध्ये बेंगळुरू एफसीने व्हेनेझुएलाचा मिकू आणला, तेव्हा मिकू मध्ये आणि छेत्री डाव्या बाजूला अशी रचना झाली. त्या हंगामात मिकूचे १५ गोल झाले, छेत्रीचे १४. संघाचं भलंच झालं. पुढच्या वर्षी त्यांनी करंडकही जिंकला. प्रशिक्षकाला दोष देता येत नाही. पण ज्या देशाचा सर्वांत मोठा स्ट्रायकर आपल्या क्लबात विंगवर खेळतो, त्या देशात सतरा वर्षांच्या पोराला मधली जागा कोण देणार? मनवीर सिंग वर्षभर मोहन बागानसाठी उजव्या कडेने धावतो आणि देशाची जर्सी घातली की त्याने एकदम मध्ये उभं राहून गोल करावेत, अशी आपली अपेक्षा असते. वर्षभर तबला वाजवणाऱ्याला मैफलीच्या दिवशी सारंगी हातात देऊन ‘हं, होऊ दे’ म्हणण्यातला हा प्रकार आहे.

परिणाम सगळ्यांनी पाहिला. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी करून छेत्री निवृत्त झाला. ते पूर्ण वर्ष भारताने एकही सामना जिंकला नाही. मार्च २०२५ मध्ये चाळिशीच्या छेत्रीला परत बोलवावं लागलं आणि तो मालदीवविरुद्ध गोल करून मोकळा झाला. लोक म्हणाले, काय जिद्द! जिद्द आहेच. पण घरातला कर्ता चाळिशी उलटल्यावरही शेतावर जातो आहे, याचं कौतुक करताना घरातली तरणी पोरं काय करतात, हे कोणी विचारायचं?

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो. परदेशी फॉरवर्ड नसते तर लीगचा दर्जा घसरला असता, आपल्या बचावपटूंना खरी परीक्षा कधीच द्यावी लागली नसती. मी तर पुढे जाऊन म्हणतो की हे शंभर टक्के खरं आहे आणि हाच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. मोठ्या फॉरवर्डांसमोर रोज उभं राहून कोण सुधारलं? बचावपटू आणि गोलकीपर. गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये गेला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय. संदेश झिंगन क्रोएशियापर्यंत गेला. दुखापतीने घात केला, तो भाग वेगळा. ज्यांना बाहेरच्यांशी रोज झुंजायला मिळालं, ते वाढले. ज्यांची जागाच बाहेरच्याने घेतली, ते खुंटले. औषध तेच, पण एकाला लागू पडलं आणि दुसऱ्याला त्याचा अपाय झाला.

हे कळायला फुटबॉलची पुस्तकं वाचायची गरज नाही, आपल्या भागातली कुस्ती आठवली तरी पुरे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पंजाबचे मल्ल आणले, त्यांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं. त्या काळातही ‘बाहेरचे कशाला?’ म्हणणारे असतीलच. पण आलेला मल्ल तालमीत उतरायचा, इथल्या पोरांना अंगावर घ्यायचा, त्यांच्याकडून जोर काढून घ्यायचा. मैदानात जोड लागायची ती बाहेरच्याची आणि आपल्याची. आपल्या पोराला बाजूला बसवून दोन्हीकडून बाहेरचेच मल्ल सोडले असते, तर बघायला गर्दी झाली असती, पण या पट्ट्यात पैलवान तयार झाला नसता. आज कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावंदेखील पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी आहेत. नाव तालमीचं लावायचं आणि तालमीचा कायदा विसरायचा, हे काही बरं नव्हे. (कोल्हापूरकर रागावतील. त्यांनी रागवावं; आमच्याकडे तर नावापुरतीही तालीम उरलेली नाही.)

स्ट्रायकरची गोष्ट बाकीच्या खेळाडूंपेक्षा वेगळी का, हेही सांगायला हवं. बचावपटूने नव्वद मिनिटांत एकदा चूक केली तर सामना जातो, म्हणून त्याला चुकायची सवय नसावी लागते. फॉरवर्डचं उलटं आहे. त्याने दहा वेळा चुकावं लागतं. डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या चौकोनात, अर्धा सेकंद मिळतो. बचावपटूच्या पाठीमागून गोलाच्या जवळच्या खांबाकडे कधी निसटायचं, चेंडू थांबवायचा की आल्या पायी मारायचा, कीपरचं वजन कुठल्या पायावर आहे, हे सांगून कोणाला येत नाही. चुकत-चुकत अंगात मुरतं. म्हणजे स्ट्रायकर घडवायचा तर संघाला त्याच्या चुकांची किंमत मोजावी लागते: काही सामने हरावे लागतात, काही करंडक सोडावे लागतात. आपल्याकडे पोराने दोन संधी घालवल्या की बाजूने आरोळी येते, ‘काढ रे त्येला भायेर!’ आणि कोच काढतोही.

आता परदेशी जाऊन परत येणाऱ्यांबद्दल. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबात गेला. तीन वर्षांत लीगचे ३७ सामने, तीन गोल, गुडघ्याची दुखापत आणि क्लबाची पैशाअभावी झालेली दैना. (त्या क्लबाला पुढे २०१९ मध्ये लीगमधूनच काढून टाकलं.) छेत्रीला २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने घ्यायचं ठरवलं, तर ब्रिटनने परवाना नाकारला, कारण भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरात नव्हता. २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला. मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात बदली म्हणून उतरला, पण लीगमध्ये एक मिनिटही मिळालं नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघात गेला, मोजून तीन सामने खेळला आणि काही महिन्यांत परतला. गाड्यावरच्या हिशेबाने हा माणूस तीनदा नापास. आणि परतल्यावर? २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो होता आणि बेंगळुरूने पहिल्याच वर्षी विजेतेपद घेतलं. नापास झालेल्या पोराचा निकाल असा असतो का?

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवबद्दलही मी असंच बोलणं ऐकलं आहे. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला पोरगा, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशासाठी खेळला. २०१९ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तीन महिन्यांच्या सरावाला गेला. तो क्लब पुण्याच्याच वेंकीज कंपनीच्या मालकीचा. लगेच इथे चर्चा, ‘तीन महिन्यांत परत?’ अरे, तो गेलाच तीन महिन्यांसाठी होता! परतल्यावर जमशेदपूरकडून खेळला, मग २०२१-२२ मध्ये सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. खरी विचारण्याची गोष्ट वेगळीच होती आणि ती कोणीच विचारली नाही: लहानपणी पुढच्या फळीत धडका देणारा हा पोरगा क्लबांमध्ये बहुतेकदा कडेलाच का दिसला?

बाहेर जाण्याचा फायदा नाही, असं मी म्हणत नाही. जपानचा काझुयोशी मिउरा १९८२ मध्ये पंधराव्या वर्षी शाळा सोडून एकटा ब्राझीलला गेला, १९८६ मध्ये सांतोससारख्या क्लबाशी करारबद्ध झाला आणि १९९० मध्ये परतला तेव्हा जपानी फुटबॉलचा चेहरा बनला. बाहेर जाऊन त्याला जे मिळालं, ते त्याच्या गावी शिझुओकात मिळालं नसतं. पण हाच मिउरा १९९४ मध्ये इटलीला जेनोआत गेला आणि अख्ख्या हंगामात एक गोल करून घरी आला. जपानने त्याला हसून घालवलं नाही. जागा दिली, आणि १९९६ मध्ये तो जे-लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. कथेचा पुढचा भाग माझ्या मते याहून मोलाचा आहे. १९९८ मध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषकाला गेला, तेव्हा मिउराला संघातून वगळलं होतं. जपानचा विश्वचषकातला पहिला गोल जमैकाविरुद्ध केला मासाशी नाकायामाने, जो जुबिलो इवाताचा, घरचाच स्ट्रायकर. त्याच वर्षी त्याने लीगमध्ये ३६ गोल केले. आणि कोणी म्हणेल की जपानने परदेशी आणले नाहीत, तर तेही खरं नाही. झिको आला, लिनेकर आला, पहिल्या हंगामात सर्वाधिक गोल अर्जेंटिनाच्या दियाझने केले. पण परदेशी आले म्हणून घरच्याची जागा गेली नाही, एवढा हिशेब त्यांनी राखला.

मग नियम करा, भारतीय फॉरवर्ड सक्तीचा करा, असं काही जण सुचवतात. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना थांबवावं लागतं. चीनने २०१७ मध्ये तेवीस वर्षांखालचा खेळाडू सुरुवातीपासून खेळवणं सक्तीचं केलं, तर क्लबांनी पोरांना उतरवलं आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढलं. कागदावर नियम पाळला गेला, पोरगा जिथल्या तिथेच राहिला. आपल्याकडेही २०२१-२२ पासून मैदानावरचे परदेशी पाचावरून चारावर आणले. क्लबांनी काय केलं? चारातला एक मधल्या फॉरवर्डला ठेवला आणि कपात दुसरीकडे केली. मालक पैसे घालतो, त्याला जिंकायचं असतं आणि गोल ही बाजारातली सर्वांत महाग वस्तू आहे. ते मालक माझा लेख वाचून बदलणार नाहीत, हे मला कळतं. शिवाय २०२५ मध्ये लीगच लांबणीवर पडली. जिथे पगाराची शाश्वती नाही, तिथे जागेचं काय सांगायचं?

म्हणून मी माझ्या गावाकडे वळतो आणि इथे सीमेचा प्रश्न येतो. तो टाळून बेळगावात बोलणं म्हणजे पावसाळ्यात छत्री न घेता बाहेर पडणं. १९५६ पासूनची आमची जखम खोटी नाही. एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरात मी वाढलो. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडलेल्या दाव्याची तारीख लागली की आजही घरात आवाज खाली येतो. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर, कोल्हापूर आणि पणजी त्याच्या चौथाईत. आमच्या खानापूरच्या पोराला राजधानीतल्या निवड चाचणीला रात्रीची गाडी पकडून जावं लागतं आणि तिथे त्याची भाषाही चाचणीला बसते, ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. पण यातून आम्ही पोराच्या पायात बेडी का घालतो? कर्नाटकाकडून खेळला तर ‘आपल्यातला राहिला नाही’, गोव्याला गेला तर ‘गाव सोडलं’, महाराष्ट्रात गेला तर तिकडचे विचारतात, ‘तुमचं कार्ड कर्नाटकाचं ना?’ चौदा वर्षांच्या पोराने आधी सीमाप्रश्न सोडवायचा आणि मग चेंडू मारायचा, असं काही आहे का?

सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. कुमार गंधर्व तिथे १९२४ मध्ये जन्मले. घरची भाषा कन्नड, शिकले मुंबईत देवधर मास्तरांकडे, राहिले माळव्यात देवासला. आज त्यांच्यावर कर्नाटकही हक्क सांगतं, महाराष्ट्रही आणि मध्य प्रदेशही. आम्ही बेळगावकर तर सगळ्यांच्या आधी. लहान वयात त्यांना कोणी ‘तू आधी कुठला ते सांग’ म्हणून अडवलं असतं, तर आज भांडायला कोण उरलं असतं? फुटबॉलमध्ये तर तिसरी वाट आपल्याच दारात आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. पलटणीत गेलेला आमचा पोरगा चांगला खेळला तर सर्व्हिसेसकडून, म्हणजे सैन्यदलांच्या संघाकडून, राज्याराज्यांतला संतोष करंडक खेळतो, ना कर्नाटकाकडून, ना महाराष्ट्राकडून, आणि २०२४ मध्ये गोव्याला हरवून सर्व्हिसेसने तो करंडक सातव्यांदा जिंकला. छेत्रीही फौजीचाच मुलगा. पलटणीतल्या पोराला गावात कोणी विचारत नाही की तू कुठल्या राज्याचा. मग बिनपलटणीच्या पोरालाच का विचारतो?

आणि एक गंमत. २०२३ मध्ये कर्नाटकाने ५४ वर्षांनी संतोष करंडक जिंकला, अंतिम सामन्यात मेघालयाला ३-२ ने हरवून. तो सामना झाला रियाधमध्ये, सौदी अरेबियात. देशातली स्पर्धा परदेशात झाली आणि कोणाला काही वाटलं नाही. आमच्या पोराने घाट उतरून म्हापशाला जायचं म्हटलं की मात्र चर्चा.

आता माझ्यावरच येतो, कारण वरच्यांना नावं ठेवणं सोपं असतं. तीन-चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका संघाने सात-सातच्या बक्षिसाच्या स्पर्धेत नाव घातलं. त्या संघात खानापूरकडचा एक पंधरा वर्षांचा पोरगा होता. डावा पाय, शरीर अजून काटकुळं, पण डीमध्ये चेंडू आला की डोकं थंड. वर्षभर सरावात तोच मध्ये खेळायचा. स्पर्धेच्या दोन दिवस आधी आम्ही चौघांनी ठरवलं की पुढे कोणी भक्कम माणूस हवा. वर्गणी काढली, बाहेरून एक फॉरवर्ड दोन दिवसांसाठी आणला. राहणं, जेवण आणि वर मानधन. त्या वर्गणीत माझेही पाचशे रुपये होते. अंतिम सामना आम्ही १-० ने जिंकला, गोल अर्थातच त्या पाहुण्याने केला. लाल चिखलात सगळे इतके माखले होते की कोणाचा नंबर कळत नव्हता. करंडकासोबत फोटो काढताना मी खाली पाहिलं. त्या पोराचे बूट कोरडे होते. स्टडच्या फटीत चिखलाचा कणही नव्हता. आईने सकाळी ब्रशने घासून दिले असतील तसेच, पांढऱ्या नाड्यांसकट.

पाहुणा रात्रीच्या गाडीने गेला. करंडक मंडळाच्या कपाटात गेला. पोरगा पुढच्या वर्षी सरावाला आला तो मागे, बचावात स्टॉपरला उभा राहायला लागला. मी विचारलं, ‘का रे, पुढं कंटाळलास?’ म्हणाला, ‘मागं बरं हाय की काका. मागं कोण बाहेरनं आणत न्हाईत.’ कुरकुर नव्हती त्यात. त्याने व्यवहार बघितला होता आणि पंधराव्या वर्षीच बघितला होता. माझ्या मते भारताचे स्ट्रायकर सापडत नाहीत ते असे. परदेशी क्लबांच्या दारात हरवायला ते मुळात तिथवर पोहोचतच नाहीत. जिल्ह्याच्या मैदानातच गुपचूप दहा पावलं मागे सरकतात.

हे थांबवायला ना फिफा लागते, ना सर्वोच्च न्यायालय. शहापूर, वडगाव, अनगोळ, कॅम्प, येळ्ळूर, खानापूर इथल्या संघांनी आपसात ठरवलं की सोळा वर्षांखालची लीग पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत दर रविवारी खेळायची आणि पोराला वर्षाकाठी पंचवीस-तीस सामने द्यायचे, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्यांच्या बक्षिसाच्या स्पर्धांत पाहुणे खुशाल आणा. ते स्टॉपरला खेळवा, गोलीत उभे करा, नाहीतर समोरच्या संघात घाला. पोरांना कोणाशी तरी झुंजायला मिळू दे. फक्त नऊ नंबर गावचा ठेवा. हरलो तर हरलो. मग त्यातला कोणी कोल्हापूरला जाईल, कोणी गोव्याला, कोणी पलटणीत, एखादा कदाचित पोर्तुगालला जाऊन तीन सामने खेळून परत येईल. परत आला तर रविवारी मैदानात बोलवा.

एक आक्षेप उरतो आणि तो माझ्याच मित्राने घेतला: अशाने आपला संघ पहिल्या फेरीत बाद होईल, लोक बघायला येणार नाहीत, वर्गणीही मिळणार नाही. खरं आहे. दोन-तीन वर्षं तसं होईल. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

परवा मंडळाची पोरं यंदाच्या स्पर्धेसाठी पावतीपुस्तक घेऊन आली होती. मी पाचशे रुपये काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, पुढं कोण खेळणार? एकमेकांकडे बघत म्हणाली, अजून ठरलं नाही, मडगावच्या एकाशी बोलणं चाललंय. म्हटलं, ठरलं की या. पैसे मी खिशात घातले नाहीत, त्यांनीही उचलले नाहीत. चहा पिऊन गेली.